मॅडमचा दगड

त्या श्रावणात आमच्या घरात कोण काय करतंय आणि का करतंय, याचा मला पत्ता नव्हता. आता गुडघे कुरकुरायला लागले, केसांना रंग लावायचंही सोडून दिलं, तरी सगळा उलगडा झालाय असं छातीठोकपणे सांगवत नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहिते. मी तेव्हा बारावीत होते आणि तसंही मला काहीच कळत नव्हतं. पुढं काय शिकायचं ते कळत नव्हतं, गणिताच्या क्लासमध्ये फळ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि आईनं हाक मारली की नेमकं कशासाठी मारली तेही स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नव्हतं.

हिंजवडीजवळच्या चांदे गावातलं आमचं घर म्हणजे खाली आम्ही आणि वर भाडेकरू. रस्त्याकडची जमीन गेली तेव्हा पप्पांनी आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, जुनं घर पाडून ही तीन मजली इमारत उभी केली होती. मागं भाताची खाचरं मात्र राखली होती. त्यामुळं घराच्या पुढच्या बाजूला हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्यांचे हॉर्न आणि मागच्या बाजूला बेडकं, असा आमचा संसार. सकाळी पाण्याची मोटर सुरू झाली की भिंती गुणगुणायच्या. मोठी आई, म्हणजे अण्णांची बायको, त्याच्याही आधी उठलेली असायची. ती बोलायला फटकळ, हाताला चवदार. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं खायला वरच्या मजल्यावरची आयटीतली पोरं जिन्यात घुटमळायची, आणि ती त्यांना "पगार घेता आन् भुकं मरता व्हय रं?" असं म्हणत ताट वाढायची. त्या वर्षी ती स्वतः मात्र जेवत नव्हती धड. तिची एकुलती एक लेक, आमची स्वातीताई, दिवस गेलेली अशी माहेरी आली होती. आधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून ती मागच्या खोलीत खिडकीशी पडून असायची आणि घरातली सगळी माणसं त्या खोलीवरून चवड्यांवर चालायची.

अर्चना मॅडम आमच्या पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू. चंद्रपूरकडच्या. लग्न झालेल्या, नवरा तिकडंच नोकरीला, सासर त्यांना परत बोलवत होतं आणि त्या "अजून थोडं, अजून थोडं" करून इथं राहिल्या होत्या. गावात भाडेकरूला मॅडम म्हणायची रीत, म्हणून त्या मॅडम. नाहीतर वागायला त्यांच्यात मॅडमपण काही नव्हतं. रविवारी वडाभात करायच्या आणि पातेलंच खाली घेऊन यायच्या. त्यांचं ऑफिस नेमकं काय करतं हे मी त्यांना विचारलं, आणि विचारलं ते बरं केलं की वाईट, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या म्हणाल्या, "दगडातून पाणी वाहते ना, तर वाहता वाहता ते दगडाला विरघळवते. ते कसं विरघळवते, याचं गणित करून राहिलो आम्ही." मला वाटलं, चेष्टा करतायत. दगड विरघळतो हेच मुळात मला नवीन होतं. आमच्याकडचा काळा कातळ सुरुंगाशिवाय हलत नाही. पण त्यांच्या मुलखात चुनखडी, त्यांचे वडील त्याच खाणीवर कामाला होते, आणि चुनखडीला आंबट पाणी लागलं की ती साखरेसारखी जाते, फक्त हळू.

मग त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवलं. दगडाचे त्यांनी कॉम्प्युटरात बारीक बारीक चौकोनी तुकडे पाडले होते, आणि प्रत्येक तुकड्यात छिद्रं किती ते लिहिलं होतं. जिथं छिद्र जरासं मोठं तिथून पाणी जरासं जास्त जातं. जास्त जातं म्हणून तिथला दगड जास्त विरघळतो. विरघळला की छिद्र आणखी मोठं, म्हणून पाणी आणखी जास्त. शेवटी एकच वाट उरते आणि सगळं पाणी तिच्यातूनच धावतं. बाकीचा दगड कोरडा राहतो. हे ऐकून पप्पा म्हणाले, "खाचराचा बांध फुटतो तसंच की. खेकड्याचं बीळ आसतं बोटभर, सकाळी बघावं तर अख्खा बांध गेला." मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ऑफिसातही बांधाचंच उदाहरण दिलं. मी मात्र अडकले होते ते दुसरीकडं. पाणी फार हळू सोडलं तर ते वरचाच पृष्ठभाग खात बसतं आणि आत शिरतच नाही, फार जोरात सोडलं तर सगळीकडून चाळण करतं, आणि मधल्याच एका वेगाला ती एकच वाट पडते, असं त्यांचं समीकरण सांगत होतं. पाण्याला कसं कळतं आपला वेग मधला आहे ते? मी हे विचारलं तेव्हा मॅडम बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "हेच तं, बाप्पा. हेच तं कोणाला पटत नाही."

पटत नव्हतं ते त्यांच्या साहेबांना. चित्र छान आहे, पण खऱ्या दगडात असं होतं हे दाखवा, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात नुसते कॉम्प्युटर, प्रयोगशाळा नाही. दसऱ्यानंतर मोठी मीटिंग होती. तिच्यात मॅडमचं गणित पास झालं तर त्यांना कायम करणार होते आणि हे काम त्यांच्याच हाती राहणार होतं. नाही तर नारळ, आणि मग सासर वाटच बघत होतं. म्हणून त्यांनी वडिलांकडून एक दगड मागवला. खाणीतून यंत्रानं कापून काढलेला, उभा, गोल, तांब्याएवढा. त्याच्या आतल्या छिद्रांचे फोटो आधीच कुठूनसे काढून घेतले होते आणि त्यावरूनच त्या दगडाचं गणित मांडलं होतं, म्हणजे दुसरा कुठला दगड चालणार नव्हता. त्याच्या कडेनं पाणी निसटू नये म्हणून सगळ्या अंगाला काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, वर पाणी साचायला तिचा बोटभर काठ ठेवून. खाली पाणी जायला एका बाजूला चोच असलेलं पितळी ताट ठेवलं, चोचीखाली बादली. वर खिळ्याला एक प्लॅस्टिकचा कॅन टांगला, त्यात पाणी घातलेलं व्हिनेगर, आणि मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीनं थेंब थेंब धार दगडावर. जागा कुठली? तर आमची तळमजल्यावरची मागची पडवी, कारण वर त्यांच्या खोलीत बाल्कनी नव्हती. प्रयोग संपला की दगड मधोमध फोडायचा आणि आतली वाट लॅपटॉपातल्या वाटेशी ताडून बघायची.

आता कुणीही मराठी माणसानं डोळ्यांपुढं आणावं: श्रावण महिना, पडवी, चोचीच्या पितळी ताटात उभा काळा गोल दगड, आणि वरून संथ धार. मी हे रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण मला तो सुरुवातीपासून प्रयोग म्हणूनच माहीत होता. माणसाला एकदा सांगितलं की हे अमुक आहे, की त्याला दुसरं काही दिसत नाही.

माझ्याकडं काम होतं ते दगडाच्या डोक्यावर साचलेल्या पाण्याची उंची पट्टीनं मोजायचं. आत वाट पडायला लागली की वरचं तळं उतरणार. सुरुवातीला ते छान उतरत होतं, मॅडमच्या गणिताप्रमाणं. मॅडम ऑफिसातून आल्या की पायातल्या चपलाही न काढता विचारायच्या, "उतरलं?" मी म्हणायची, "उतरलं." मग एकाएकी ते उतरायचं थांबलं. पुढं तर थोडं वरच चढलं. शिवाय पाण्याला पिवळसर झाक आली. मॅडमचा चेहरा उतरला. दगडात लोखंड असावं आणि त्याचा गंज छिद्रांत बसत असावा, असं म्हणून त्यांनी समीकरणात लोखंडाचं एक पद घातलं. तरी जुळेना. मग दुसरं घातलं. रात्रंदिवस त्या लॅपटॉपाला चिकटलेल्या, वडाभात बंद, आणि तोंडानं एकच, "कुठं चुकून राहिलं माझं?" मी त्यांच्याशेजारी बसून मान हलवायची. मला ते समीकरण आधीही कळत नव्हतं आणि लोखंड घातल्यावर तर अजिबातच. पण रडवेल्या माणसाशेजारी बसायला समीकरण कळावं लागत नाही.

एका पहाटे मला क्लासच्या परीक्षेसाठी लवकर जायचं होतं म्हणून मी पडवीत चप्पल शोधायला गेले. मोठी आई न्हाऊन, ओल्या केसांना पंचा बांधून, दगडापुढं बसली होती. बेलाचं पान, चार अक्षता, हळदीकुंकू. तिनं खिळ्यावरचा कॅन उतरवला, नाकाशी धरून वास घेतला, तोंड वाकडं करून आतलं सगळं मोरीत ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी भरून कॅन परत टांगला. मी हाक मारली तशी ती दचकली. "मॅडम रोज आंबल्यालं पाणी घालून जात्यात गं," ती कुजबुजली. "हापिसाच्या घाईत बघत न्हाईत बिचाऱ्या. देवाला आसलं पाणी चालतंय व्हय? म्हून त्यांची पाठ वळली की म्याच बदलते. तू नगं सांगूस, त्यांला वंगाळ वाटंल." आणि पान, अक्षता सगळं तिनं उचलून निर्माल्याच्या पिशवीत घातलं, मॅडमच्या मांडणीला कुठं धक्का न लावता.

मी परीक्षा कशी दिली देव जाणे. संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या पलंगावर पडून इतक्या हसल्या की उशी तोंडावर धरावी लागली. "हळद! अन् मी लोखंड घालून राहिली!" त्यांचं गणित चुकलं नव्हतं. दगडाला साधं पाणी मिळालं तर तो विरघळणार कशाला? अजून वेळ होता, व्हिनेगर परत सुरू केलं तर दसऱ्यापर्यंत वाट आरपार पडली असती. त्या तशाच उठल्या, मोठ्या आईला समजावून सांगते म्हणाल्या. मीही मागोमाग निघाले, मला तिचा चेहरा बघायचा होता.

पण पडवीत जायची वाट स्वातीताईच्या खोलीतून. आमचं हसतखिदळत येणं तिनं ऐकलं असणार. तिनं मॅडमचा हात धरला आणि त्यांना पलंगावर बसवलं. "मॅडम, तुमचा तो दगड काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये," ती म्हणाली. "पण आईला नका सांगू. तिनं त्याला नवस बोललाय. माझं बाळ नीट हाती लागेपर्यंत धार खंडू द्यायची नाही आणि देव तसूभर झिजू द्यायचा नाही. रोज हात फिरवून बघते ती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही हो. पण आता रात्री ती धार ऐकू आली नाही तर मला झोपच लागत नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. दोन्ही हात पोटावर, आणि रडताना पोट हलू नये म्हणून श्वास धरून रडत होती. तसं रडणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला गढूळ आठवतात. एकच दगड, एकच धार. मॅडमना तो विरघळायला हवा होता, स्वातीताईला तो राहायला हवा होता, आणि पट्टी घेऊन मी मधे उभी. काय व्हावंसं मला वाटत होतं? खरं सांगायचं तर सकाळी एक वाटायचं आणि संध्याकाळी दुसरं. आईला मी सांगून टाकलं तर तिनं डोळे वटारले. "खबरदार मोठ्या आईपुढं तोंड उघडलंस तर. दोनदा पोळलेली बाई हाय ती. हे काढून घेतलं तर कशाच्या आधारानं जगंल?" पप्पा म्हणाले, बायकांच्या भानगडीत मी पडत नाही. मॅडमनी फक्त व्हिनेगरची बाटली उचलून वर नेली, आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाण्यानं भरलेला कॅन त्यांनीच खिळ्याला टांगला. मी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, "मॅडम, मग मीटिंग?" त्या म्हणाल्या, "असू दे नं. दगडाचं काय, आणखी भेटते." दुसरा दगड चालणार नव्हता हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला त्यांचा राग आला. मोठ्या आईचाही आला, स्वातीताईचाही आला, आणि त्या न जन्मलेल्या बाळाचासुद्धा थोडा आला. मग आपल्याला असा राग येतो म्हणून भीतीच वाटली.

दसरा झाला. मॅडम नवा कुडता घालून मीटिंगला गेल्या. परत आल्या तेव्हा आई कुरडयांचा डबा बांधत होती, तिच्याच शेजारी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं म्हणाल्या, बांधाच्या उदाहरणाला लोक हसलेसुद्धा. मग साहेबांनी एवढंच विचारलं, की हे तुम्ही खऱ्या दगडात पाहिलं का? मॅडम म्हणाल्या, नाही. ते काम दुसऱ्याला गेलं आणि त्यांना महिनाअखेरपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. आईनं कुरडयांचा डबा मधेच सोडला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पडवीतून थेंबांचा आवाज येत होता.

स्वातीताईला मुलगी झाली. आडवी होती, वेळेआधी आली, पण टाहो असा फोडला की पौडच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, ही गाव जागं करणार. मोठी आई दवाखान्यातून घरी आली ती कुणाशी न बोलता आधी पडवीत गेली, दगडापुढं डोकं टेकलं आणि तिथंच भिंतीला टेकून दुपारपर्यंत गाढ झोपली. कित्येक महिन्यांत ती दिवसा झोपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

बाळ घरी आलं त्याच सुमारास मॅडमचे मिस्टर त्यांना न्यायला आले. टेम्पोत सामान चढत होतं. मॅडम खाली निरोप घ्यायला आल्या, बाळाच्या हातात त्यांनी चांदीचा वाळा घातला. तेवढ्यात मोठी आई पडवीतून आली. तिच्या हातात दगड होता, स्वच्छ पुसलेला, काळ्या पट्टीसकट. "मॅडम, ह्यो तुमचा देव. तुमी मांडला, म्या निस्तं पाणी घातलं. नवस फिटला. आता तुमच्या घरला घिऊन जावा."

मॅडमनी हात पुढं केले. त्या तो घेऊन निघूनही गेल्या असत्या. पण माझ्यानं राहवलं नाही. कुणाचा कैवार घेऊन बोलले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं, पण बोलले. "मोठे आई, तो देव नाही. तो प्रयोगाचा दगड आहे. मॅडमना तो फोडून बघायचा होता." आईनं तोंडाला पदर लावला. स्वातीताईनं बाळाला जवळ ओढलं. मोठी आई एकदा माझ्याकडं आणि एकदा मॅडमकडं बघत राहिली.

"फोडायचा व्हता?" ती म्हणाली. "मंग फोडा की. काम झालंय त्याचं."

पप्पांनी छन्नी आणली. अंगणातल्या फरशीवर दगड आडवा ठेवला, मोठ्या आईनंच तो दोन्ही बाजूंनी धरला, आणि पप्पांनी मॅडम सांगतील तिथं छन्नी लावली. चार-पाच घावांत तो उकलला. आत, अगदी वरून, मध्यापासून थोडी डावीकडं, करंगळीएवढी एक वाट खाली उतरत होती. बाकी सगळा दगड शाबूत. अर्ध्यावर ती वाट थांबली होती, जिथं पाणी बदललं गेलं होतं तिथंच. लॅपटॉपात ती मी इतक्यांदा पाहिली होती की मला ती झोपेतही काढता आली असती. तीच होती. डावीकडंच होती. मॅडम खाली बसल्या आणि तिच्यात त्यांनी बोट घातलं. बराच वेळ काढलंच नाही.

मोठी आई वाकून बघत होती. "ह्ये भोक बघायसाठी?"

"हो, मोठी आई."

"कवाधरनं?"

"श्रावणापासून."

"आन् त्याच्यापायी नोकरी गेली तुमची?" ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण टेम्पो दारात उभा होता. मॅडम दगडाचे दोन्ही तुकडे एकमेकांशी जुळवत राहिल्या. मोठी आई मटकन फरशीवर बसली. मी जन्मात पहिल्यांदा तिला आम्हा सगळ्यांवर एकदम ओरडताना ऐकलं.

"मंग कुणीतरी मला इचारायचं व्हतं की गं! म्या दुसरा दगुड मांडला असता!"

खाचरांच्या बांधावर तेव्हा दगडच दगड होते. स्वातीताई सहाव्या महिन्यात असताना विचारलं असतं तर मोठी आई हेच म्हणाली असती का, ते मला माहीत नाही. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.